एकट्याचा मार्चएंड

डिसेंबर उतरणीला लागला की चित्रकार, फोटोग्राफर, सुलेखनकार मंडळींच्या गोळाबेरजेला ऊत येतो. वर्षभरातली नऊ देखणी कामं एका चौकटीत, खाली 'या वर्षानं खूप काही शिकवलं' आणि सगळ्यांचे मनापासून आभार. यात वाईट काही नाही. गिऱ्हाइकाला माल दिसलाच पाहिजे. पण त्या नऊ कामांपैकी चारांचे पैसे अजून यायचेत, एकानं दीड महिना खाल्लाय आणि एकाचे हक्क आपण नेमके कुणाला देऊन बसलोय ते आठवत नाही, ही माहिती त्या चौकटीत मावत नाही. आढाव्यात हवी असते ती हीच.

हा लेख एकट्यानं सर्जनशील काम करून पोट भरणाऱ्यांसाठी आहे. चित्रं, मुखपृष्ठं, अक्षररचना, अनुवाद, संहितालेखन, फोटो, हातानं घडवलेल्या वस्तू, काहीही असो. काम तुम्हीच करता, कोटेशन तुम्हीच पाठवता आणि पैशांसाठी फोनही तुम्हालाच करावा लागतो. कंपन्यांमध्ये मार्चएंडला हिशेब विभाग रात्री जागवतो. तुमच्याकडे विभागच नाही, त्यामुळे बहुतेकांचा आढावा मे-जूनमध्ये, सीएकडून 'बँक स्टेटमेंट पाठवा' असा निरोप आल्यावर होतो. तोवर वर्ष संपलेलं असतं आणि आढाव्याऐवजी पंचनामा उरतो. माझं सांगणं एवढंच आहे की हा आढावा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात उरकावा. हाताशी एक महिना राहतो. त्या महिन्यात थकलेले पैसे निघू शकतात, कापलेल्या टीडीएसची चूक दुरुस्त होऊ शकते, जुन्या गिऱ्हाइकांना नवे दर कळवता येतात. १ एप्रिलनंतर यातलं निम्मं हातचं गेलेलं असतं.

खरं तर प्रत्येक कामाचं वर्ष वेगळं. पेणच्या मूर्तिकाराचं वर्ष गणेश चतुर्थीला संपतं. दिवाळी अंकांसाठी चित्रं काढणाऱ्याची धांदल आषाढ-श्रावणात सुरू होते आणि अंक छपाईला गेले की एकदम सामसूम. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला तुळशीचं लग्न लागल्यानंतर मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा कामाबद्दलच्या आठवणी, म्हणजे काय जमलं, कुणी छळलं, कुठे वेळ गेला, या आपापला हंगाम संपताच चार ओळींत टिपून ठेवाव्यात. सहा महिन्यांनी छळणारं गिऱ्हाईकही बरं वाटायला लागतं. पैशांचं वर्ष मात्र सगळ्यांचं एकाच दिवशी, ३१ मार्चला संपतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं? एक रविवार मोकळा ठेवा. बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयचा इतिहास, पाठवलेली बिलं आणि व्हॉट्सअ‍ॅप एवढंच लागतं. वहीत किंवा एक्सेलमध्ये वर्षातलं प्रत्येक काम एकेका ओळीत लिहा: कामाचं नाव, कुणी दिलं, ते तुमच्यापर्यंत कसं आलं, किती ठरले, किती आले, कधी आले आणि किती तास लागले. फुकट केलेली कामंही लिहा. सोसायटीची स्मरणिका, मामेभावाची लग्नपत्रिका, 'अगं, तुला काय, तासाभराचं काम' असं म्हणून गळ्यात पडलेलं सगळं.

तासांच्या रकान्यापाशी सगळे अडतात, कारण तास कुणीच टिपलेले नसतात. पण संगणकाला ते बरेचसे माहीत असतात. कुठल्याही कामाचा फोल्डर उघडा. 'कव्हर_फायनल', 'कव्हर_फायनल_२', 'कव्हर_फायनल_नक्की', 'कव्हर_फायनल_नक्की_स्पाइन' अशा फायली ओळीनं दिसतील आणि प्रत्येकीसमोर ती शेवटची कधी बदलली याची तारीख आणि वेळ असेल. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपांनाही वेळा असतात. दोन्ही शेजारी ठेवले की अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघतो. पाच-दहा टक्क्यांची चूक झाली तरी काही बिघडत नाही.

एक काम जवळून पाहू. आकडे मानलेले आहेत, पण मुखपृष्ठं करणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. एका कादंबरीचं मुखपृष्ठ, ठरलेले सहा हजार रुपये. हस्तलिखित वाचायला आठ तास. कच्ची रेखाटनं पाच तास. पहिलं पक्कं मुखपृष्ठ सात तास. मग निरोप सुरू होतात. 'छानच झालंय! फक्त टायटल जरा मोठं करू या, प्रदर्शनात लांबून दिसलं पाहिजे.' दुसऱ्या दिवशी, 'लेखकांच्या मिसेसना निळा थोडा उदास वाटतोय.' आठवड्यानं, 'मलपृष्ठावरचा मजकूर बदललाय, नवा पाठवतो.' आणि छपाईच्या आदल्या संध्याकाळी पानं वाढल्याचं कळतं. पानं वाढली की पुस्तकाची जाडी वाढते, स्पाइन रुंद होते आणि पुढचं-मागचं सगळंच पुन्हा सरकवावं लागतं. हे सगळं मिळून दहा तास. एकूण तीस. सहा हजारांना तिसानं भागा: तासाला दोनशे रुपये.

त्याच वर्षी एका मिठाईवाल्यानं दिवाळीसाठी बॉक्सचं डिझाइन करून घेतलं. बारा हजार, दहा तास, एक करेक्शन, पैसे आठवड्यात. तासाला बाराशे.

इथे घाईनं निष्कर्ष काढायचा नाही. मुखपृष्ठं बंद करून मिठाईचे बॉक्स करत बसा, असं मी म्हणत नाही. तो मिठाईवाला तुमच्याकडे आला कसा, हे आधी पाहा. ज्या रकान्यात 'कसं आलं' लिहिलंय तो यासाठीच आहे. त्यानं पुस्तकांच्या दुकानात तुमचं एखादं मुखपृष्ठ पाहून मागे तुमचं नाव शोधलं असेल, तर बॉक्सच्या कमाईतला काही वाटा मुखपृष्ठाच्या खात्यावर जमा करायला हवा. वर्षातल्या सगळ्या कामांचा हा रकाना वरून खाली वाचलात की कळतं, कुठलं काम दुसरी कामं घेऊन येतं आणि कुठलं नुसतंच येतं-जातं. 'यातून नाव होईल' असं सांगून कमी पैशांत दिलेल्या कामांचा खरेखोटेपणाही इथेच तपासता येतो. त्यातून एखादं तरी पैशांचं काम आलं का? दोन वर्षं एकही आलं नसेल, तर नाव कुणाचं झालं ते सरळ आहे.

दोनशे रुपये तास कमी की जास्त, हे ठरवायला मोजपट्टी लागते. ती प्रत्येकाची वेगळी. काढायची रीत मात्र एकच. समजा घराला महिन्याला ४५ हजार लागतात. कामाचा खर्च, म्हणजे सॉफ्टवेअरचं भाडं, इंटरनेट, कागद-रंग, प्रवास, आरोग्यविमा, दर काही वर्षांनी बदलावा लागणारा लॅपटॉप किंवा कॅमेरा, हे सगळं मिळून १२ हजार. महिन्याचे ५७ हजार, वर्षाचे ६ लाख ८४ हजार. आता विकता येणारे तास मोजा. वर्षाचे ५२ आठवडे असतात, पण गणपती, दिवाळी, आजारपण, घरची लग्नं वजा जाता ४६ धरा. आणि आठवड्याला ४०-५० तास खपलात तरी त्यातले ज्याचे पैसे लावता येतात असे वीसच्या आसपास निघतात. बाकीचे फोनवर, कोटेशन लिहिण्यात, बिल शोधण्यात, समाजमाध्यमांवर काम टाकण्यात आणि न मिळालेल्या कामांचे नमुने करण्यात जातात. ४६ गुणिले २० म्हणजे ९२० तास. ६ लाख ८४ हजारांना ९२० नं भागलं की साधारण ७५० रुपये. या माणसाला तासाला साडेसातशे सुटले तर घर चालतं. शिल्लक तर यात धरलेलीच नाही.

या मोजपट्टीवर मघाचं मुखपृष्ठ ठेवा. तीस तासांचे साडेबावीस हजार व्हायला हवे होते, मिळाले सहा. उरलेली साडेसोळा हजारांची देणगी तुम्ही प्रकाशकाला दिलीत, तीही पावती न घेता. देणगी द्यायला हरकत नाही. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या किती प्रतींच्या निघतात हे आपण जाणतो, आणि चांगल्या पुस्तकाला चांगलं मुखपृष्ठ मिळावं म्हणून पदरमोड करणारे चित्रकार आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. फक्त ती देणगी तुम्ही ठरवून द्यावी, करेक्शनांच्या वाटेनं निसटून जाऊ नये. वर्षाला अशी किती कामं घ्यायची हा आकडा आढाव्याच्या दिवशीच कागदावर लिहा. त्यापुढचं काम आलं की 'या वर्षीचा कोटा संपला' असं हसत सांगता येतं. नातेवाइकांना तर हे उत्तर फार लागू पडतं.

अशा कामांचे दर वाढवणं शक्य नसेल तर तास कमी करता येतात. 'या किमतीत दोन वेळा बदल, तिसऱ्या बदलापासून प्रत्येकी इतके रुपये. पानसंख्या पक्की झाल्यावरच स्पाइन' एवढं वाक्य कोटेशनमध्ये घातलं तरी दहाचे चार तास होतात. पैसे वसूल व्हावेत म्हणून ते वाक्य नसतं. ते वाचल्यावर समोरचे लोक सगळे बदल एकत्र करून एकदाच कळवतात.

येणं

आता 'किती ठरले' आणि 'किती आले' या दोन रकान्यांतला फरक बघा. फेब्रुवारीत आढावा घेण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे.

आपल्याकडे पैशांचं बोलणं कलावंताला शोभत नाही असा एक समज रुजलेला आहे, आणि तो कलावंतांपेक्षा पैसे देणाऱ्यांनी जास्त निगुतीनं जोपासलाय. त्यावर उपाय म्हणून धीटपणा अंगी बाणवायची गरज नाही. कायदा पुरेसा आहे. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे, एक पैसाही न भरता होते. (दीड-दोन हजार रुपये घेऊन 'उद्यम काढून देणाऱ्या' वेबसाइटी आहेत, त्यांच्या नादी लागू नका.) सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ पद्धतीनं व्याज लागू होतं.

तरीही हा कायदा बराच काळ कागदावरच होता. एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालेल्या करनिर्धारण वर्षापासून आयकर कायद्यानं त्याला दात दिले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल या मुदतीत चुकवलं नाही, तर पैसे देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी करता येतो. याचा अर्थ असा की मुदत उलटून गेलेलं तुमचं बिल ३१ मार्चच्या आत चुकतं केलं तर कंपनीला या वर्षी वजावट मिळते, १ एप्रिलला केलं तर पुढच्या वर्षावर जाते. मोठ्या कंपन्यांच्या हिशेब विभागांना हे तोंडपाठ असतं. फक्त तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात हे त्यांना माहीत नसतं, कारण तुमच्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला नसतो. नोंदणी काम घेण्याच्या आधीची हवी, एवढं लक्षात असू द्या. आज नोंदणी करून गेल्या वर्षीच्या बिलावर हक्क सांगता येत नाही.

पत्र लांबलचक नको. 'नमस्कार. बिल क्र. १४, दि. ६ डिसेंबर, रक्कम रु. १८,०००, अजून येणे आहे. आमचा उद्यम नोंदणी क्रमांक बिलावर आहेच. मार्चएंडपूर्वी रक्कम जमा करावी ही विनंती. खात्याचा तपशील सोबत.' एवढं पुरे. 'त्रास देतोय, क्षमस्व' लिहू नका. आणि ज्यानं काम दिलं त्याच्यासोबत हिशेब विभागालाही पाठवा. काम देणारा माणूस बहुधा चांगला असतो, पैसे सोडणं त्याच्या हातात नसतं. तरीही उत्तर आलं नाही तर थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते.

हे शस्त्र कुठे उपसायचं याचं तारतम्य हवं. दरवर्षी दिवाळी अंक काढून स्वतःच्या खिशाला खार लावणाऱ्या संपादकाला चक्रवाढ व्याजाची भाषा ऐकवणं मला तरी जमणार नाही. तिथे फोन करावा आणि निम्मे आता, निम्मे पाडव्याला असं ठरवून घ्यावं. जाहिरात संस्था, बांधकाम कंपन्या, बड्या संस्था यांच्याशी मात्र कायद्याच्याच भाषेत बोलावं. त्यांनाही तीच भाषा सोयीची वाटते.

कापलेले आणि कापून राहिलेले

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा लागू झालाय आणि कलमांचे क्रमांक बदललेत, त्यामुळे इथे क्रमांकांच्या फंदात पडत नाही. तुमच्या कामाच्या गोष्टी थोड्याच आहेत. एखाद्या संस्थेनं व्यावसायिक फी म्हणून वर्षभरात ५० हजारांहून जास्त रक्कम दिली की ती त्यातून १० टक्के टीडीएस कापते (एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३० हजार होती). दुसरीकडे, नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. एकट्यानं काम करणारे बरेच कलावंत या १२ लाखांच्या आतच असतात. म्हणजे तुमचा कर शून्य आणि कापलेला टीडीएस सगळाच्या सगळा परत मिळण्याजोगा. पण विवरणपत्र भरलं तरच. 'माझं उत्पन्न करपात्रच नाही, मग कशाला भरू?' असं म्हणून हजारो रुपये सरकारदरबारी सोडून देणारे मला बरेच भेटलेत.

आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर किती टीडीएस जमा झालाय ते दिसतं. वहीतल्या आकड्यांशी ते ताडून पाहा. एखाद्या संस्थेनं पैसे कापून दिले पण पोर्टलवर दिसत नाहीत, तर बहुतेक वेळा पॅन चुकीचा टाकलेला असतो. हे त्यांना मार्चमध्येच कळवा. जानेवारी ते मार्चचं टीडीएस विवरण भरायची त्यांची मुदत ३१ मे असते. त्यापूर्वी दुरुस्ती सोपी, नंतर कटकटीची.

अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीबद्दल सीएला जरूर विचारा. ठरावीक व्यवसायांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून, खर्चाच्या पावत्या न जपता कर भरता येतो. आर्किटेक्ट, इंटिरिअर डेकोरेटर आणि चित्रपट कलाकार या यादीत आहेत. त्या शेवटच्या गटात संवादलेखक, गीतकार, वेशभूषाकारही मोडतात. चित्रकार किंवा सुलेखनकाराचं नाव तिथे सरळ येत नाही. त्यांनी धंद्यासाठीच्या वेगळ्या तरतुदीत बसायचं की रीतसर खर्च दाखवायचा, हे तुमच्या कामाच्या स्वरूपावर ठरतं. अंदाजित पद्धत घेतली आणि कर बसत असेल, तर सगळा अग्रिम कर १५ मार्चच्या आत एकरकमी भरायचा असतो. ही तारीख चुकली की व्याज.

सेवांची वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे जायला लागली तर जीएसटीची नोंदणी लागते. त्यात परदेशी गिऱ्हाइकांच्या कामाचे पैसेही धरले जातात, हे अनेकांच्या ध्यानात नसतं. आणि महाराष्ट्रात राहून स्वतंत्र व्यवसाय करत असाल तर वर्षाचा अडीच हजार रुपये व्यवसाय कर आहेच.

हक्कांची वही

वर्षभरात केलेल्या कामांपैकी कशाचे हक्क कुणाकडे आहेत, हा रकाना बहुतेकांच्या तक्त्यात नसतोच. तो घाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या ठाऊक नसल्या तर नुकसान होतं. पहिली, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट यांचा पहिला हक्कधारक, उलट काही ठरलेलं नसेल तर, पैसे देणारा असतो. तुम्ही नाही. लेखकाचं तसं नाही; फुटकळ मानधनावर लिहून दिलेला लेख करार नसेल तर लेखकाचाच राहतो. म्हणजे एकाच दिवाळी अंकात कथा लिहिणारा आणि तिच्यासाठी चित्र काढणारा यांची स्थिती वेगळी असू शकते. चित्रकारांनी आणि फोटोग्राफरांनी म्हणूनच बिलावर एक ओळ छापून घ्यावी: 'मूळ कलाकृती आणि कॉपीराइट चित्रकाराकडे, वापराची परवानगी फक्त अमुक अंकापुरती.' मात्र ती ओळ बिलाच्या आधी, कोटेशनमध्येही असावी, म्हणजे ती दोघांनी मान्य केली हे दाखवता येतं.

दुसरी गोष्ट दिलासा देणारी. हक्क सोपवून द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. पाच-सहा वर्षांपूर्वीचे करार काढून वाचा. मुदत न लिहिता दिलेलं एखादं काम एव्हाना तुमच्याकडे परत आलेलं असेल. त्याचे प्रिंट निघू शकतात, कॅलेंडर होऊ शकतं, दुसऱ्या प्रकाशकाला ते देता येतं.

यातूनच पुढचा प्रश्न येतो. वर्षाच्या कमाईपैकी किती भाग दुसऱ्यानं सांगितलेल्या कामाचा आणि किती तुमच्या स्वतःच्या वस्तूचा? दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं आणि सजावटी मराठी वाचकाच्या दोन पिढ्यांच्या घरात होत्या. त्या दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचा अंक काढला. ज्याच्या चित्रांसाठी इतर संपादक दारात उभे राहत, त्यालाही आपलं काम दाखवायला आपली जागा असावीशी वाटली. आज अंक काढण्याएवढं भांडवल लागत नाही. छापील चित्रांची छोटी मालिका, सुलेखनाची कार्यशाळा, स्वतःच्या फोटोंचं पुस्तक, अक्षरांचा एखादा फॉन्ट यांपैकी काहीही चालेल. आढाव्यात हा भाग शून्य असेल तर घाबरू नका, पण पुढच्या वर्षाच्या ९२० तासांपैकी शंभर तास आत्ताच बाजूला काढा. ते कुठल्या महिन्यात, हेही लिहा. हंगामाच्या ऐन गर्दीत कुणाचंही स्वतःचं काम होत नाही. मिरगाच्या आसपासचे किंवा दिवाळीनंतरचे रिकामे आठवडे त्यासाठी राखावेत.

एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त पैसे येत असतील, तर ते गिऱ्हाईक कितीही गोड असलं तरी ती नोकरीच आहे, फक्त पगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड वजा करून. त्या नावाखाली लाल रेघ मारा आणि पुढे चला. आरोग्यविमा नसेल तर या महिन्यात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, तेवढी एक सबब कमी झाली.

आकड्यांचं सगळं झाल्यावर एक शेवटचा रकाना भरा: हे काम पुन्हा आलं तर घ्याल का? फक्त हो किंवा नाही. हा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवलाय. तो आधी विचारला तर मनासारखं झालेलं प्रत्येक काम 'हो'च्या खात्यात जातं, मग त्याचे पैसे आठ महिन्यांनी का येईनात. तास, पैसे आणि हक्क समोर ठेवून 'हो' लिहिलंत तर ते खरं. कमी पैशांची पण हौसेनं 'हो' लिहिलेली कामं तुमच्या ठरलेल्या कोट्यात बसवा. जास्त पैशांची आणि 'नाही' लिहिलेली कामं चटकन सोडू नका. आधी त्यांचे दर वाढवून बघा. कामाचा त्रास तेवढाच राहिला तरी मोबदला वाढल्यावर तो बराच सुसह्य होतो, आणि गिऱ्हाइकानं नकार दिला तर ते काम आपोआपच सुटतं.

नवे दर गुढीपाडव्यापासून लागू करा. तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते आणि कारण सांगावं लागत नाही. जुन्या गिऱ्हाइकांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन ओळींचा निरोप पाठवा: पाडव्यापासून दर इतके, हातातली कामं जुन्या दरातच पूर्ण होतील. महागाईचं, मेहनतीचं पुराण त्यात नको. काही जण घासाघीस करतील, एखादा गप्प होईल, आणि बरेच जण 'ठीक आहे' म्हणून पुढचं काम पाठवतील.

आणि सीएची वेळ आजच घेऊन ठेवा. २५ मार्चनंतर तुमचे सीए फोन उचलणार नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.